मधली केबिन

२ मे. बर्गन सोडताना

सुटलो एकदाचे! भोंगा वाजला तेव्हा गुनवोरने लहानपणासारख्या टाळ्या पिटल्या, आणि धक्क्यावरच्या एका अनोळखी म्हाताऱ्याने टोपी काढून आम्हाला सलाम ठोकला. माझा घसा बसलेला आहे. काल ओड्ड्याच्या चौकात लाल झेंड्यांखाली कामगार दिनाचं भाषण केलं, आणि आज हा मी, भट्टीसमोर जन्म भाजून काढलेला हाल्वदान, पांढऱ्याशुभ्र जहाजात मऊ गादीवर पाय पसरून लिहितो आहे. कालच्या श्रोत्यांनी पाहिलं तर म्हणतील, बघा, पुढारी निघाले सहलीला. म्हणोत बापडे. ही सहल माझी नाही, धाकट्या बहिणीची आहे. आमचे वडील ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरच्या कोळशाच्या खाणीत वारले. तिथल्याच गोठलेल्या मातीत त्यांचा लाकडी क्रूस आहे. गुनवोर तेव्हा पाळण्यात होती, तिने तो कधी पाहिला नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी तिच्या हृदयाची झडप बदलली. शुद्धीवर आल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते हेच, की आता एकदा वडिलांकडे जाऊन यायचं. आयुष्यात पहिल्यांदा तिने काही मागितलं. मागून मिळत नसेल तर जग कशाला हवं? निघालो.

केबिनबद्दल लिहायलाच हवं, कारण सगळा हिवाळा मी त्या एकाच अभ्यासात घालवला. गुनवोर हसायची. म्हणायची, अरे, आपल्याला जहाजात बसायचंय की जहाज बांधायचंय? पण जागा निवडणं हे शास्त्र आहे. जहाज म्हणजे बागेतला सी-सॉ. टोकावरचा वर-खाली होतो, मधे बसणारा जागच्या जागी राहतो. म्हणून केबिन लांबीच्या मधोमध हवी. जितकं उंच जावं तितकं झुलणं वाढतं, झाडाच्या शेंड्यावरच्या घरट्यासारखं, म्हणून मजला खालचा हवा. डोक्यावर स्वयंपाकघर नको, पहाटे भांडी आदळतात. पायाखाली इंजिन नको. लिफ्टला चिकटून नको. खिडकीसमोर टांगलेली होडी नको. हे सगळं जुळणारी केबिन जहाजात एखादीच असते, आणि आमचं तिकीट तर स्वस्तातलं, कंपनी देईल ती जागा. तरी नशीब बघा! काउंटरवरच्या योरुन नावाच्या बाईने एकाच पाकिटात दोन किल्ल्या दिल्या. एक खालची, नेमकी मधली. दुसरी वर, पार पुढच्या टोकाला, नाळेवर. कोणती कोणाला ते घरात ठरवा, म्हणाली.

मी गुनवोरला विचारलं. ती म्हणाली, तू घे रे तुला हवी ती, मला काय, कुठेही झोप लागते. मी म्हणालो, वरच्या केबिनला दोन मोठ्या खिडक्या आहेत, सगळा समुद्र समोर दिसेल. ती खूश झाली, किल्ली घेऊन वर गेलीसुद्धा.

आता लिहिताना थोडं खुपतं आहे. आमच्याकडे पहिला नकार म्हणजे शिष्टाचार. दुसराही. पंगतीत केकचा शेवटचा तुकडा अर्धा, पाव होत होत वाळून जातो, पण उरलेला कोणी उचलत नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस खरं काय ते बोलतो. मी एकदाच विचारलं. आणि कालच चौकात गरजलो होतो, की जो मासा कापतो त्याने आपला तुकडा शेवटी उचलावा. टाळ्यांचा बराच कडकडाट झाला होता.

पण मी खिडक्यांबद्दल जे बोललो त्यात एक शब्द खोटा नव्हता. मालकांची पत्रकं मी जन्मभर फाडत आलो. त्यांतही एक शब्द खोटा नसायचा.

जाऊ दे. गादी उत्तम आहे.

३ मे. स्टाड ओलांडल्यावर

स्टाडचं भूशिर म्हणजे आमच्या किनाऱ्यावरची सगळ्यात खवळलेली जागा. आज सकाळी त्याने कोणाची गय केली नाही. नाश्त्याच्या दालनात निम्मी टेबलं रिकामी. जे आले होते ते काठ धरून बसलेले, तोंडं पीठ लावल्यासारखी. मी मात्र अंडी, खारवलेला हेरिंग मासा, तपकिरी चीज लावलेले चार पाव आणि दोन कप कॉफी असा साग्रसंगीत बेत उरकला. आमच्या टेबलावर हाउगेसुंडचं एक जोडपं असतं, अर्नफिन आणि लिव्ह. अर्नफिनचं आयुष्य मासेमारीच्या बोटीवर गेलं, तरी तोही हिरवा पडला होता. माझ्या ताटाकडे बघून म्हणाला, अहो भाषणवाले, तुम्ही पोट घरी ठेवून आलात की काय? मी त्याला सी-सॉचं शास्त्र समजावून सांगितलं. तो म्हणाला, आमच्या बोटीवर मधली जागा माशांना असायची. लिव्हने त्याला कोपर मारलं.

गुनवोर उशिरा आली. ओठ पांढरे. कडक भाकरीचा एक तुकडा घेतला आणि तोही बराच वेळ हातातच राहिला. मी विचारलं, कसं काय? ती म्हणाली, ठीक आहे, समुद्र छान दिसतो. डोळे मिटून म्हणाली.

केबिनमध्ये परतलो. निघताना कॉफीचा कप काठोकाठ भरलेला टेबलावर राहिला होता. एक थेंब सांडला नव्हता. खिडकीबाहेर क्षितिज वरच्या चौकटीपर्यंत चढायचं आणि खाली बुडायचं, आणि आत कपातली कॉफी तळ्यासारखी निवांत. शास्त्र म्हणतात ते हे! मी अगदी मनापासून स्वतःची पाठ थोपटली.

४ मे. भर समुद्रात

शास्त्राला हे पचत नाही.

मधली जागा कमी हलते. कमी. मुळीच न हलणं हे कुठल्याच पुस्तकात नाही. आज दुपारी दार उघडं ठेवून मी उंबऱ्यावर उभा राहिलो. एक पाय आत, एक पाय बाहेर. बाहेरचा पाय वर-खाली होत होता, गुडघा आपोआप वाकत होता. आतला पाय जणू आमच्या घरच्या फरशीवर. मग शिवणाच्या दोऱ्याला किल्ली बांधून मी ती कपाटाच्या खुंटीवर टांगली. बाहेर बोळातून जाणारी बाई भिंतीला आपटत गेली, सॉरी म्हणाली, पुन्हा आपटली. माझी किल्ली मात्र दाराच्या चौकटीला समांतर, फोटोतल्यासारखी स्थिर.

योरुनला सहज विचारलं, त्या केबिनबद्दल कधी तक्रार? ती म्हणाली, नाही हो, तिथला प्रवासी कधीच तक्रार घेऊन येत नाही. मग म्हणाली, पुन्हा कधी येतही नाही म्हणा. बाकीचे येतात, ठरलेल्या केबिनसाठी हट्ट धरतात. तिथले नाही. ती हसली. मीही हसलो.

गुनवोर जेवायला आली नाही. लिव्ह तिच्याकडे जाऊन आली. म्हणाली, सूप पाठवलंय, पण वर फार झुलतं आहे, मला तर जिन्यातच गरगरलं. मी जाणार होतो. जेवणानंतर जरा आडवा झालो आणि झोप लागली. इतकी गाढ झोप मला तरुणपणापासून लागलेली नाही.

५ मे. लोफोटेनजवळ

आज समुद्र तेल ओतल्यासारखा. वारा नाही. सगळे डेकवर, गुडघ्यांवर ब्लँकेटं, हातात वॉफल आणि जॅम. अर्नफिन म्हणाला, असला समुद्र बघितला की म्हातारी बायको पुन्हा आवडायला लागते. लिव्ह म्हणाली, तुला समुद्र लागतो, मला तोही पुरत नाही. सगळे खदखदून हसले. गुनवोर नव्हती. मी खाली केबिनमध्ये जाऊन दाढी केली आणि तिथून थेट तिच्यासाठी वॉफल घेऊन वर गेलो.

बोळ स्थिर होता. मी तिचं दार उघडलं, आत पाऊल टाकलं, आणि जमिनीने मला गुडघ्यांवर पाडलं.

तिच्या केबिनमध्ये वादळ होतं.

खुंटीवरचा तिचा निळा कोट भिंतीपासून सुटून आडवा व्हायचा आणि परत आपटायचा. दात घासायचा पेला जमिनीवर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गडगडत होता. ती पलंगावर आडवी, पाय भिंतीला रोवून, हातांनी कठडा धरून. बोटांची पेरं पांढरी. त्या दोन मोठ्या खिडक्यांतून समुद्र दिसत होता, मी सांगितलं होतं तसा, सगळाच्या सगळा. त्यावर एक बदक बसलं होतं. पाण्यात त्याची सावलीसुद्धा हलत नव्हती.

ती म्हणाली, आज फारच खवळलाय ना रे? खाली तुला त्रास नाही ना होत?

मी म्हणालो, चालायचंच.

ती म्हणाली, बिचारा. मग आठवून म्हणाली, सकाळी मधेच शांत झालं होतं, छान वाटलं. नंतर पुन्हा सुरू. काल दुपारी तर विचारू नको, जेवणानंतर जे सुरू झालं ते थांबेच ना.

सकाळी मी डेकवर होतो. मग केबिनमध्ये जाऊन दाढी केली. काल जेवणानंतर मी झोपलो होतो. आणि आत्ता? आत्ता मी तिच्यासमोर गुडघ्यांवर होतो, खालची केबिन रिकामी होती, आणि माझ्या हातातलं वॉफल पडलं तिथेच, जॅमसकट, आता पडून राहिलं होतं. कोट हळूहळू खुंटीवर सरळ झाला. पेला थांबला.

ती म्हणाली, बघ, तू आलास आणि थांबलं. तुझा पायगुण.

समजायला फार अक्कल लागली नाही. मधला हलत नाही, कारण त्याचं हलणं टोकावरचा सोसतो. हे मी जन्मभर व्यासपीठांवरून सांगत आलो आहे! भट्टीवरचा भाजतो म्हणून दिवाणखान्यातला गारव्यात बसतो. हे सांगताना माझा आवाज चढायचा, माणसं रडायची. आणि आता ते माझ्यासमोर निळ्या कोटाच्या रूपाने टांगलेलं होतं.

मी विचारलं, माझ्याकडे खाली येतेस का? ती म्हणाली, छे रे, तुझी झोप कशाला मोडायची.

एकदा. मी एकदाच विचारलं. तिसऱ्यांदा विचारायचं असतं हे मला माहीत आहे. तिला माहीत आहे की मला माहीत आहे. ती माझ्याकडे बघत होती, पुढच्या प्रश्नाची वाट बघत. मी खाली बसून वॉफल उचललं आणि म्हणालो, दुसरं पाठवतो.

६ मे. ट्रोम्सो

ठरवलं होतं, केबिनमध्ये जायचंच नाही. दिवसभर बाहेर. साधी गोष्ट होती.

धक्क्यावर उतरलो आणि जमीन हलू लागली. दगडी जमीन! दुकानं, माणसं, पलीकडचे बर्फाळ डोंगर, सगळे श्वास घेतल्यासारखे फुगत आणि बसत होते. खांबाला मिठी मारून मी सगळ्यांदेखत ओकलो. एका लहान मुलीने आईला विचारलं, आजोबा प्यायलेत का? आईने तिला ओढून नेलं. लाज वाटायला हवी होती, वाटलीही. पण त्याहून जास्त मला ती केबिन आठवत होती. तहानलेल्याला विहीर आठवावी तशी. त्या स्थिरपणाने माझं शरीर नासवलं आहे. माणसाच्या वाट्याला येणारं साधं हलणंसुद्धा त्याला आता सोसत नाही.

संध्याकाळी जहाजावर आलो तर गुनवोर दालनात बसलेली! केस विंचरलेले, गालांवर रंग. लिव्हला सांगत होती, आज दिवसभर किती बरं वाटलं, भात आणि मासा दोन्ही खाल्लं. मला पाहून म्हणाली, अरे, तुझाच चेहरा बघ कसा झालाय. जा, जरा पड. जा ना.

मी गेलो.

तिने स्वतः सांगितलं जा. हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, आणि वाचून मला स्वतःवर थुंकावंसं वाटतं. दार लावलं. उशीवर डोकं ठेवलं. वर या क्षणी काय सुरू झालं असेल ते मला ठाऊक होतं. कोट कसा आडवा होतो तेही दिसत होतं.

गाढ झोपलो.

७ मे. हामरफेस्ट

जहाजाच्या डॉक्टर, मारित, यांनी मला बोलावलं. गुनवोरची नाडी मधेच थांबते आहे. अंगात पाणी टिकत नाही. नव्या झडपेला हे झेपणार नाही. त्यांना कळत नव्हतं, समुद्र शांत असताना ही बाई अशी का. म्हणाल्या, आज इथे उतरवू, दवाखाना आहे. यापुढे स्वालबार्डपर्यंत उघडा समुद्र, मधे काही नाही. पण तुमच्या बहीणबाई ऐकायला तयार नाहीत. म्हणतात, मी ठीक आहे, वडिलांपर्यंत जायचंय. तुम्ही भाऊ. तुम्हाला काय वाटतं?

मी एवढंच सांगायला हवं होतं, की गुनवोर ठीक आहे म्हणते तेव्हा ती ठीक नसते. तिने आयुष्यात दुसरं काही म्हटलेलंच नाही.

पण ती उतरली तर मलाही उतरावं लागेल. हलणाऱ्या जमिनीवर. त्या केबिनशिवाय.

मी म्हणालो, ती सज्ञान आहे. निर्णय तिचा. कोणी तिच्यावर लादू नये.

डॉक्टरांनी मान डोलावली. त्यांना ते उदात्त वाटलं. स्वातंत्र्य या शब्दाचा इतका नीच उपयोग मी एकाही मालकाला करताना पाहिलेला नाही, आणि मी पुष्कळ मालक पाहिले आहेत.

धक्का मागे गेला. मी डेकवर नव्हतो. मी इथे होतो.

८ मे. उघडा समुद्र

आता खरंच खवळला आहे. खिडकीवर पाणी आपटतं. आत किल्ली सरळ.

बाहेर पडत नाही. जेवण दाराशी मागवतो.

दुपारी दारावर धडाधड. अर्नफिन. भिंतींना आपटत आलेला, कपाळाला खोक. म्हणाला, लिव्ह तुमच्या बहिणीपाशी बसली होती, फेकली गेली, मनगट मोडलं तिचं. बहीण वर शेवटच्या घटका मोजते आहे आणि तुम्ही —

तो थांबला. उंबऱ्याच्या आत त्याचा पाय पडला होता. त्याने पायाकडे पाहिलं. मग टेबलावरच्या काठोकाठ भरलेल्या कपाकडे. मग दोऱ्याकडे. दोरा मी बांधला होता. म्हणजे मी मोजून पाहिलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. हे सगळं त्याच्या चेहऱ्यावर एकामागून एक उमटताना मला दिसलं.

तो हळू आवाजात म्हणाला, काय हो, तुमच्या इथे समुद्र येत नाही वाटतं?

एवढंच. 

मग म्हणाला, चला. उचलून आणू तिला.

बोळातून मी रांगत गेलो. जिन्यात दोनदा ओकलो. त्याने मला कॉलरला धरून वर ओढलं आणि एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. आम्ही तिला खाली आणलं. तिचं वजन एखाद्या ओल्या कोटाइतकं उरलं होतं.

माझ्या गादीवर ठेवलं. तिने भिंतीवर तळवा टेकवला. बराच वेळ. मग म्हणाली, अरे, किती शांत आहे इथे.

मग म्हणाली, पहिल्या दिवसापासून?

मी मान हलवली.

तिने रागवायला हवं होतं. ओरडायला हवं होतं, थुंकायला हवं होतं. मी त्याची वाट पाहत उभा होतो, तेवढं तरी माझ्या हक्काचं होतं. ती म्हणाली, बरं झालं. निदान तुला तरी झोप मिळाली.

आणि झोपली.

९ मे

वर आहे. तिच्या केबिनमध्ये. अक्षर वाचता येईल न येईल. पाय भिंतीला, वही छातीवर.

वारा पडला म्हणतात. खिडकीत समुद्र सपाट. पहिले बर्फाचे तुकडे, वर ऊन. एकही हलत नाही. सगळं इथे आत आहे. कोट माझा आता —

डॉक्टर दारातून बोलल्या, आत आल्या नाहीत. नाडी सुधारली. सूप प्यायली, दोन वाट्या. पण आणखी एक असा झटका हृदय सोसणार नाही, तिला जिथे आहे तिथेच राहू द्या. उद्या स्वालबार्ड.

उद्या. एवढंच धरायचं. तिने इतके दिवस धरलं, आणि तिला कारणही माहीत नव्हतं. मला कारण माहीत आहे. मला सोपं जायला हवं.

सोपं नाही.

९ मे. दुपार

रक्त. नाकातून. कठडा तुटेल की हात.

विचार येतात. लिहून टाकतो म्हणजे ते माझे राहणार नाहीत. ती आता बरी आहे. थोडा वेळ. फक्त एक तास. तिला विचारलं तर पहिल्याच शब्दाला उठेल. म्हणूनच विचारायचं नाही. विचारणार नाही. विचारलं नाही. अजून —

भाषणं आठवतात. माझीच. किती सुंदर बोलायचो.

९ मे, नंतर

थांबलं.

एकदम. कोट सरळ झाला. मला वाटलं मेलो.

दारात गुनवोर. भिंत धरून स्वतःच्या पायांनी आली आहे. शाल पांघरलेली. म्हणाली, लिव्ह सांगत होती तू वर ओरडतोस. माझी झोप झाली रे भरपूर. तू जा खाली. मी आहे इथे.

मी म्हणालो, बस, एवढं लिहून घेतो, मग बोलू. ती पलंगाच्या पायथ्याशी बसली आहे. ओठ निळसर. जिना चढल्याने धाप लागली आहे. वाट पाहते आहे.

आता कळतं आहे. खाली कोणी नाही, म्हणून इथे वादळ नाही. जहाज हलतं आहे, जहाजाने हलावं तितकंच. प्रत्येकाच्या वाट्याला त्याचं त्याचं. ती केबिन रिकामी ठेवायची, कुलूप लावून! आम्ही दोघांनी इथे बसायचं, खिडक्यांतून बर्फ बघत, उद्यापर्यंत. इतकं सोपं. हेच मी जन्मभर सांगत होतो. हेच तिला सांगायचं आहे.

फक्त हे साधं हलणंही — पोट पुन्हा वर येतं आहे. हे एवढंसं. गुनवोरला तर ते जाणवतसुद्धा नाही. ती खिडकीबाहेर बघून हसते आहे.

तिने खालची किल्ली माझ्या गुडघ्यावर ठेवली. म्हणाली, जा ना. मला काय, कुठेही —

मी नको म्हणणार आहे. वही मिटली की पहिला शब्द नको. एक शब्द. तो तयार आहे, जिभेवर आहे. उठून तिच्यासमोर उभा राहून म्हणणार, सभेत उभा राहायचो तसा. उठलो आहे. किल्ली मी उचलली आहे ती फक्त तिच्या हातात परत —